यूएमएल आलं कुठून?

अभ्यासक्रमात यूएमएल (युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांनी दाखवायची ठरलेल्या खुणांची भाषा) शिकताना ते एका बैठकीत ठरलेल्या नियमांसारखं वाटतं. प्रत्यक्षात त्यामागे तीन दशकांची खटपट आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा धागा थेट टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जातो.

१९६७ च्या सुमारास इव्हार जेकबसन स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत होते. एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर म्हणजे एकमेकांना निरोप पाठवणारे ब्लॉक, अशी त्यांची मांडणी होती. कोणता ब्लॉक कुणाला काय कळवतो, हे उभ्या रेघा आणि त्यांच्यामधले आडवे बाण काढून दाखवता येई. वेळ वरून खाली सरकते. बाणांमागून बोट फिरवत गेलं की कॉल कसा जोडला जातो ते कळतं. आजच्या सिक्वेन्स डायग्रामचं मूळ इथे आहे, आणि यूएमएलमधली सर्वात कामाची आकृती मला तीच वाटते.

पुढे १९७६ मध्ये पीटर चेन यांनी डेटाबेससाठी ईआर मॉडेल, म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातले संबंध दाखवणारी आकृती, मांडलं. इस्राएलच्या लावी लढाऊ विमानाच्या यंत्रणेवर काम करताना डेव्हिड हॅरेल यांना स्टेटचार्ट, म्हणजे यंत्रणा एका अवस्थेतून दुसरीत कशी जाते ते दाखवणाऱ्या आकृत्या, सुचले.

१९९० च्या आसपास ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतींचं, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेल्या 'ऑब्जेक्ट'मधून सॉफ्टवेअर रचण्याच्या पद्धतींचं, पेवच फुटलं. ग्रेडी बूच क्लास (एका प्रकारच्या ऑब्जेक्टचा साचा) दाखवायला तुटक रेघांचा ढग काढत. जनरल इलेक्ट्रिकमधल्या जेम्स रम्बॉ यांच्या ओएमटी या पद्धतीत त्याच क्लासला साधी चौकट. एकाची आकृती दुसऱ्याला लागेना. १९९४ मध्ये रम्बॉ रॅशनल कंपनीत बूच यांच्याकडे आले, पुढच्या वर्षी जेकबसनही. ढग गेला, चौकट राहिली. नोव्हेंबर १९९७ मध्ये ओएमजी (ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप) या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने यूएमएल १.१ प्रमाण म्हणून स्वीकारलं.

तिघांनी खुणा एक केल्या, पण कोणती आकृती कधी काढायची हे यूएमएलमध्ये घातलं नाही. हा निर्णय फार शहाणपणाचा होता. कामाच्या पद्धतीवरही एकमत करायला बसले असते, तर घोडं तिथेच अडलं असतं.

२००१ मध्ये ओएमजीने मॉडेलवरूनच, म्हणजे अशा आकृत्यांवरूनच, कोड तयार करण्याचा पुरस्कार केला. पुण्यात टीसीएसच्या टीआरडीडीसी संशोधन केंद्रात या दिशेचं काम आधीच सुरू होतं. मास्टरक्राफ्ट हे साधन त्यातूनच आलं. मात्र चित्रातून कोड काढायचा, तर प्रत्येक खुणेचा अर्थ काटेकोर हवा. यूएमएलच्या २००५ मधल्या २.० आवृत्तीत आकृत्यांचे प्रकार १३ झाले आणि प्रमाणग्रंथ जाडजूड झाला. शेवटी २०१५ च्या २.५ आवृत्तीत, भाषा फारशी न बदलता, तो ग्रंथच सुटसुटीत करून पुन्हा लिहावा लागला.