एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे यांची स्पर्धा

घरच्या मोठ्या पडद्यावर उच्च दर्जाचे चित्र दाखवणाऱ्या तबकडीचा बाजार कोणाचा, यासाठी २००२ ते २००८ या काळात झालेली चढाओढ. एचडी डीव्हीडीच्या बाजूला तोशिबा आणि एनईसी होत्या. ब्लू-रेच्या बाजूला सोनी, मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, फिलिप्स आणि त्यांचे बरेच मोठे गोत. भांडण मुख्यतः जपानी कारखानदारांचे होते, निकाल मात्र हॉलिवूडच्या चित्रपट कंपन्यांनी लावला. दोन्ही तबकड्या एकाच रंगाच्या लेसरने वाचल्या जात, दोन्हींवर चित्र साठवण्याच्या पद्धती त्याच होत्या आणि पडद्यावर दिसणारे चित्रही बहुतेकांना वेगळे ओळखता आले नसते. खरा वाद होता तो माहितीच्या थरावरील प्लॅस्टिकच्या जाडीचा : ०.६ मिमी की ०.१ मिमी.

असे भांडण डीव्हीडीच्या वेळी होता होता राहिले होते. १९९० च्या दशकाच्या मध्याला सोनी आणि फिलिप्स यांची एक तबकडी तयार होती, तोशिबा, मात्सुशिता आणि टाइम वॉर्नर यांची दुसरी. संगणक कंपन्यांनी, विशेषतः आयबीएमने, ‘आम्ही एकच घेऊ’ असे बजावल्यावर १९९५ मध्ये तडजोड झाली आणि पुढच्या वर्षी जपानमध्ये डीव्हीडी विक्रीला आली. त्या तडजोडीत तोशिबाच्या बाजूची रचना बरीचशी टिकली. व्हिडिओ कॅसेटच्या वेळी व्हीएचएससमोर बीटामॅक्स हरल्याची सोनीची जखम तर त्याहून जुनी. पुढच्या पिढीच्या तबकडीबाबत दोन्ही कंपन्या इतक्या हट्टाला का पेटल्या, हे या पार्श्वभूमीवर समजते. त्यातच प्रमाण ठरलेल्या रचनेच्या पेटंटांवर प्रत्येक तबकडीमागे आणि प्रत्येक प्लेअरमागे स्वामित्वशुल्क मिळते. हा पैसा वर्षानुवर्षे येत राहतो.

निळा लेसर आणि प्लॅस्टिकचा थर

तबकडीवरील सूक्ष्म खळगे लेसरच्या ठिपक्याने वाचले जातात. ठिपका जितका लहान तितके खळगे दाट बसवता येतात, आणि प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी तितका ठिपका लहान. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा तांबडा लेसर ६५० नॅनोमीटरचा. १९९० च्या दशकात जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडपासून आधी तेजस्वी निळा एलईडी आणि मग नीलजांभळा लेसर घडवला. निळ्या एलईडीसाठी त्यांना इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासह २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. या लेसरची तरंगलांबी सुमारे ४०५ नॅनोमीटर. दोन्ही गटांनी हाच प्रकाश उचलला.

ठिपका लहान करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे प्रकाश अधिक रुंद कोनातून एकवटणारे भिंग. ही क्षमता न्यूमरिकल अपर्चर या आकड्याने सांगतात. डीव्हीडीत तो ०.६० होता, एचडी डीव्हीडीत ०.६५ आणि ब्लू-रेत ०.८५. भिंग जितके प्रखर, तितकी तबकडीच्या किंचित कलण्यानेही होणारी प्रतिमेची विस्कट जास्त, आणि प्रकाशाला जाड प्लॅस्टिकमधून जावे लागले तर ती आणखी वाढते. त्यामुळे ब्लू-रेच्या आरेखकांनी माहितीचा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, फक्त ०.१ मिमी आत आणून ठेवला. त्यातून एका थरात २५ आणि दोन थरांत ५० गीगाबाइट बसले. तोशिबाने डीव्हीडीचीच ०.६ मिमीची रचना कायम ठेवली. तिथे हे आकडे १५ आणि ३० होते. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गीगाबाइट मावतात.

तोशिबाचा युक्तिवाद कारखानदाराचा होता आणि तो पोकळ नव्हता. ०.६ मिमीचे दोन पत्रे चिकटवून तबकडी करण्याची यंत्रे जगभर आधीच चालू होती. थोड्या फेरफाराने त्यांवर एचडी डीव्हीडी काढता येत असे. ब्लू-रेसाठी नवी यंत्रे लागणार होती, शिवाय इतक्या पातळ थराला ओरखडा सोसवत नसे. सोनीने २००३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या पहिल्या ब्लू-रे रेकॉर्डरची तबकडी म्हणूनच प्लॅस्टिकच्या पेटीत बंद असे. टीडीकेने कठीण लेप शोधून काढल्यावर ही पेटी गेली आणि ब्लू-रे साध्या तबकडीसारखी हाताळता येऊ लागली. ती तशीच पेटीत राहिली असती तर तोशिबाचे पारडे बरेच जड झाले असते.

गट आणि फसलेली बोलणी

१९ फेब्रुवारी २००२ रोजी नऊ कंपन्यांनी ब्लू-रेची घोषणा केली. इंग्रजीतल्या ‘ब्लू’ या शब्दाचे शेवटचे ‘ई’ अक्षर मुद्दाम गाळले होते, कारण रोजच्या वापरातल्या शब्दावर व्यापारचिन्ह मिळवणे अवघड. त्याच वर्षी तोशिबा आणि एनईसी यांनी आपली रचना मांडली. डीव्हीडीचे प्रमाण ठरवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे डीव्हीडी फोरमने, तिला पुढे एचडी डीव्हीडी हे नाव दिले. २००५ मध्ये सोनी आणि तोशिबा समेटासाठी बसल्या, पण ०.१ की ०.६ या प्रश्नावर गाडी अडली ती अडलीच. हा आकडा अर्धा-अर्धा वाटून घेण्याजोगा नव्हता. त्याच सप्टेंबरात मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी एचडी डीव्हीडीला पाठिंबा दिला. अ‍ॅपल, डेल आणि एचपी ब्लू-रेच्या संघटनेत होत्या.

चित्रपट कंपन्यांत युनिव्हर्सल फक्त एचडी डीव्हीडीकडे, तर सोनी पिक्चर्स, डिस्ने आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स फक्त ब्लू-रेकडे होत्या. पॅरामाउंट आणि वॉर्नर दोन्हींकडे माल काढत. नकलेची धास्ती घेतलेल्या फॉक्सला ब्लू-रेमधील बीडी प्लस हे जादा कुलूप आवडले होते. एचडी डीव्हीडीला प्रादेशिक कोड नव्हता, म्हणजे कुठलीही तबकडी कुठेही चाले. ग्राहकाच्या सोयीची ही गोष्ट चित्रपट कंपन्यांच्या डोळ्यांत खुपणारी होती.

बाजारात

तोशिबाचा प्लेअर मार्च २००६ अखेर जपानमध्ये आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत आला. किंमत ४९९ डॉलरपासून. जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर आला तो ९९९ डॉलरला, आणि सुरुवातीच्या काही ब्लू-रे तबकड्यांचे चित्र चक्क निराशाजनक निघाले. त्या उन्हाळ्यात पैज लावायची असती तर जाणकारांनी ती एचडी डीव्हीडीवर लावली असती.

चित्र पालटले ते एका खेळण्याच्या यंत्राने. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये सोनीने ब्लू-रे प्लेअर आतच बसवला होता. निळ्या लेसरच्या डायोडची टंचाई पडल्याने युरोपातील विक्री मार्च २००७ पर्यंत लांबली, प्रत्येक यंत्रामागे सोनीला तोटा झाला, महाग म्हणून टीकाही झाली. पण गेम खेळायला घेतलेल्या प्रत्येक यंत्राबरोबर दिवाणखान्यात एक ब्लू-रे प्लेअर फुकटात पोचत होता. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीचा वेगळा ड्राइव्ह काढला, पण तो १९९ डॉलर मोजून वरून जोडावा लागे. फार थोड्यांनी जोडला. २००७ मध्ये अमेरिकेत ब्लू-रे तबकड्यांचा खप एचडी डीव्हीडीच्या जवळपास दुप्पट झाला.

ग्राहक मात्र कुंपणावरच बसून राहिला. कॅसेटच्या काळात बीटामॅक्स घेऊन फसलेल्यांची आठवण ताजी होती, आणि साध्या डीव्हीडीवर त्याचे भागत होते. दोन्ही तबकड्या चालवणारा प्लेअर एलजीने काढला, तर वॉर्नरने एका बाजूला ब्लू-रे आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी अशी तबकडी जाहीर केली. ती कधी दुकानात आलीच नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन एकाएकी फक्त एचडी डीव्हीडीकडे वळल्या. त्यासाठी १५ कोटी डॉलरचे प्रोत्साहन दिले गेल्याच्या बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांत आल्या. नोव्हेंबरात वॉलमार्टने तोशिबाचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकायला काढला आणि तो हातोहात गेला.

आता सगळ्यांचे डोळे वॉर्नरकडे होते. डीव्हीडीच्या जन्मापासून तोशिबाच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या या कंपनीने ४ जानेवारी २००८ रोजी, लास वेगासमधील वार्षिक इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या तोंडावर, यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असे जाहीर केले. एचडी डीव्हीडी गटाला तिथली आपली पत्रकार परिषद रद्द करावी लागली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय ही दुकानांची साखळी, मग वॉलमार्ट अशी ब्लू-रेकडे वळणाऱ्यांची रांग लागली. १९ फेब्रुवारीला तोशिबाचे अध्यक्ष आत्सुतोशी निशिदा यांनी उत्पादन थांबवत असल्याचे सांगितले. ब्लू-रेच्या घोषणेला त्या दिवशी बरोबर सहा वर्षे झाली होती. तोवर एक्सबॉक्सचे ड्राइव्ह धरून जगभर सुमारे १० लाख एचडी डीव्हीडी यंत्रे खपली होती. पुढच्याच वर्षी तोशिबा ब्लू-रेच्या संघटनेत दाखल झाली.

भारतात

भारतात या लढाईची झळ जवळजवळ लागलीच नाही. २००७ मध्ये इथला बाजार व्हीसीडी आणि स्वस्त डीव्हीडीचा होता. नोएडाच्या मोझर बेअरने त्याच वर्षी व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढून जुन्या वितरकांचे गणित बिघडवले. त्या दरापुढे हजारो रुपयांचा प्लेअर आणि वर महागडी तबकडी कोण घेणार? ब्लू-रेच्या प्रादेशिक कोडांच्या वाटणीत अमेरिका आणि जपान ‘ए’ विभागात, तर भारत ‘सी’ विभागात आला. त्यामुळे अमेरिकेतल्या नातेवाइकाने हौसेने आणलेली कोड असलेली तबकडी इथल्या प्लेअरवर न चालण्याची गंमत, जी डीव्हीडीच्या वेळी अनेकांनी अनुभवली होती, ती ब्लू-रेतही कायम राहिली.

नंतर

जिंकलेल्या ब्लू-रेला डीव्हीडीची सद्दी कधीच मिळाली नाही. लढाई ऐन रंगात असताना, जानेवारी २००७ मध्ये, नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली होती. तेव्हा ती तबकड्या टपालाने पाठवणारी कंपनी म्हणूनच ओळखली जाई. २०१६ मध्ये १०० गीगाबाइटपर्यंत माहिती मावणारी अल्ट्रा एचडी ब्लू-रे आली, तीही ०.१ मिमीच्याच थरासह. एचडी डीव्हीडीच्या रचनेवर बेतलेली एक तबकडी काही काळ चीनमध्ये विकली गेली. जुन्या एचडी डीव्हीडी जपून ठेवणारे हौशी संग्राहक आजही आहेत. मात्र वॉर्नरने काढलेल्या बऱ्याच तबकड्या आता मधेच अडतात किंवा प्लेअर त्या ओळखतच नाही, असा त्यांचा अनुभव आहे.