सूर्याची रचना व ऊर्जास्रोत

सूर्य हा मुख्यतः हायड्रोजन व हेलियम यांचा तप्त गोल. व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर, पृथ्वीच्या १०९ पट. वय सुमारे ४६० कोटी वर्षे.

सूर्य पेटलेला आहे असे आपण बोलतो, पण तेथे काहीच जळत नाही. वणी-घुग्गुसच्या खाणींतून निघतो तसल्या कोळशाचा तो असता, तर आजच्या तेजाने काही हजार वर्षांतच संपला असता. त्याची ऊर्जा अणुसंमीलनाची आहे. केंद्राशी तापमान सुमारे १.५ कोटी अंश सेल्सिअस, घनता पाण्याच्या सुमारे १५० पट. तेथे हायड्रोजनची चार अणुकेंद्रे टप्प्याटप्प्याने जुळून हेलियमचे एक अणुकेंद्र होते. त्याचे वस्तुमान मूळ चौघांपेक्षा सुमारे ०.७ टक्के कमी भरते आणि ही तूट ऊर्जा होऊन बाहेर पडते. दर सेकंदाला ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान असे सरते. ताऱ्यांतील या प्रक्रियांचा उलगडा हान्स बेथे यांनी १९३९ मध्ये केला. त्यासाठी त्यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या आकड्यांपुढे एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते: ही प्रक्रिया कमालीची संथ आहे. गाभ्याच्या एका घनमीटरमधून ३०० वॅटही निघत नाहीत. वावराच्या कडेला कुजणाऱ्या शेणखताच्या उकिरड्याची ऊब साधारण याच मापाची. सूर्याचा प्रताप आहे तो त्याच्या आकारमानात. संथपणामुळेच इंधन अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल.

गाभा त्रिज्येच्या पाव भागापर्यंत. त्याबाहेरच्या प्रारण विभागात प्रकाशकण पावलोपावली अडतात, दिशा बदलतात. ऊर्जा वर यायला हजारो, कदाचित लाखाहून अधिक वर्षे लागतात. बाहेरच्या सुमारे ३० टक्के त्रिज्येत तप्त वायू उकळत वर येतो. डोळ्यांना दिसतो तो दीप्तिगोल, सुमारे ५,५०० अंशांचा. त्यावर वर्णगोल हा पातळ थर, मग किरीट हे सर्वांत बाहेरचे विरळ आवरण. किरीटाचे तापमान १० लाख अंशांच्या वर का जाते, हे पुरते उकललेले नाही. २०२३ मध्ये सोडलेले भारताचे आदित्य-एल१ यान त्याचाही वेध घेत आहे.

दीप्तिगोलापासून आपल्यापर्यंत प्रकाश सुमारे ८ मिनिटे २० सेकंदांत पोचतो. विदर्भातला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो, पण सूर्य तेव्हा जवळ आलेला नसतो. उलट पृथ्वी जुलैच्या आरंभी येणाऱ्या सर्वांत दूरच्या बिंदूकडे सरकत असते. मेच्या उत्तरार्धात सूर्य येथे माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते, आकाश निरभ्र असते आणि वखरलेली काळी माती तापत राहते. जुलैत तो पुन्हा तसाच डोक्यावर येतो, मात्र तोवर बहुधा पावसाळी ढग आडवे आलेले असतात.