शिडाच्या जहाजावर मेट कोण आणि शास्त्रज्ञ कोण

सागरी विज्ञान शिकवणाऱ्या शिडाच्या जहाजांविषयी आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडचे विद्यार्थी अधूनमधून विचारू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण प्रत्येक विचारणेबरोबर तोच घोळ येतो आणि तो निस्तरून मी आता कंटाळलो आहे. अशा जहाजावर एकीकडे कॅप्टन, मेट (कॅप्टनच्या हाताखाली पाळी सांभाळणारा अधिकारी), इंजिनिअर, स्वयंपाकी असा खलाशीवर्ग असतो आणि दुसरीकडे मुख्य शास्त्रज्ञ व त्यांचे सहायक असा शिक्षकवर्ग असतो. एवढे कळले की पालक आपला हिशेब मांडून मोकळे होतात: शिकवतात ते वरचे, दोर ओढतात ते खालचे. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्या नेमक्या उलट्या टोकाला जातात आणि जहाजावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला ‘कॅप्टन’ करून टाकतात. दोन्ही समजुती सारख्याच चुकीच्या आहेत.

शिक्षकवर्ग आपल्या ओळखीचा आहे, म्हणून त्याच्यावर फार शाई खर्च करत नाही. समुद्रशास्त्रातली किंवा सागरी जीवशास्त्रातली पदवी, मुख्य शास्त्रज्ञाच्या बाबतीत बहुधा पीएचडी, हाती संशोधनाचा आराखडा, एक छोटी प्रयोगशाळा, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि शेवटी मूल्यमापन. ज्याने प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिके केली आहेत त्याला यात नवे वाटण्यासारखे एवढेच आहे की टेबल सतत हलत असते आणि सूक्ष्मदर्शक त्याला बांधून ठेवावा लागतो.

पोशाख कोणाचा कसा, झोपायची जागा कोणाला मोठी, पगार कोणाला जास्त, हे प्रश्न फार हिरिरीने विचारले जातात आणि त्यांच्या उत्तरांनी काहीही कळत नाही. समुद्र दोन्ही वर्गांना सारखाच लागतो आणि उलट्या दोघांनाही होतात.

खरी अडचण पुढे आहे. ‘जो शिकवतो तो शिक्षक आणि जो जहाज चालवतो तो खलाशी’ ही व्याख्या ऐकायला सरळ वाटते, पण शिडाच्या जहाजावर ती पहिल्याच दिवशी कोलमडते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुड्स होलच्या, 1971 साली स्थापन झालेल्या सी एज्युकेशन असोसिएशन या संस्थेचे उदाहरण घ्यावे. 1987 साली बांधलेले ‘कॉर्विथ क्रॅमर’ आणि 2001 साली बांधलेले ‘रॉबर्ट सी. सीमन्स’ ही तिची दोन डोलकाठ्यांची, सुमारे 134 फूट लांबीची जहाजे. त्यांच्यावरच्या रचनेत विद्यार्थी तीन पाळ्यांत वाटले जातात आणि प्रत्येक पाळीवर एक मेट आणि एक सहायक शास्त्रज्ञ अशी जोडी असते. त्याच पाळीतले काही विद्यार्थी डेकवर मेटच्या हाताखाली आणि काही प्रयोगशाळेत सहायक शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतात व आळीपाळीने जागा बदलतात. मेट त्यांना सुकाणू धरायला, शिडे चढवायला-उतरवायला, तारे पाहून जहाजाचे स्थान काढायला शिकवतो. हे शिकवणे नाही तर काय आहे? उलट, सगळ्यांना डेकवर बोलावले गेले की सहायक शास्त्रज्ञही विद्यार्थ्यांच्या बरोबरीने दोर ओढतो. म्हणजे खलाशी शिकवतो, शिक्षक राबतो, आणि आपली व्याख्या दोन्ही बाजूंनी फाटते.

थोड्या वेळाच्या फेऱ्यांवर तर दोन्ही कामे एकाच माणसाकडे असतात. हडसन नदीवर 1969 सालापासून फिरणारे ‘क्लिअरवॉटर’ किंवा वायव्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, 1913 साली बांधलेले ‘अॅडव्हेंचरेस’ अशा जहाजांवर शाळेची मुले काही तासांपुरती येतात, आणि आत्ता शिडाचा दोर हाताळणारी व्यक्तीच थोड्या वेळाने त्यांना जाळ्यात आलेले प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, दाखवते. अशा एखाद्या दिवसाची चित्रफीत पाहून ‘सगळे एकच असतात’ असा निष्कर्ष काढणारे मला भेटले आहेत. व्यक्ती एक असली तरी जबाबदाऱ्या दोन आहेत, हे त्या चित्रफितीत दिसत नाही.

कायद्याने मात्र हा फरक नीट ओळखला आहे. अमेरिकी कायद्यात शिडाच्या शाळाजहाजावरील विद्यार्थी आणि प्रशिक्षक यांचा प्रवाशांहून आणि खलाशांहून वेगळा वर्ग मानलेला आहे. मात्र जहाज चालवण्यासाठी कायद्याने जेवढी माणसे आवश्यक ठरवली आहेत त्यांपैकी कोणी शिकवत असला, तरी तो प्रशिक्षक ठरत नाही. तो खलाशीच राहतो. संशोधन जहाजांसाठी त्याच कायद्यात वैज्ञानिक कर्मचाऱ्यांची स्वतंत्र व्याख्या आहे, आणि तीत केवळ संशोधनासाठी किंवा समुद्रशास्त्र अथवा सरोवरशास्त्र शिकवण्या-शिकण्यासाठी जहाजावर असलेल्या व्यक्ती येतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, मालगुजारी तलावांच्या काठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या व्याख्येत सरोवरही सापडते, हे मला सुखावून जाते. कोण शिकवतो हा कायद्याचा प्रश्नच नाही. जहाज सुखरूप ठेवण्याचे उत्तर कोणाकडे मागायचे, हा त्याचा प्रश्न आहे.

हा फरक रात्रीच्या एका कामात स्वच्छ दिसतो. समुद्राच्या अगदी वरच्या थरातले जीव आणि तरंगता कचरा पकडण्यासाठी एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच तोंडाचे, सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर भोकांचे जाळे जहाजाच्या बाजूने पाण्यात सोडतात. जहाजाने चिरलेले पाणी जाळ्यात येऊ नये म्हणून ते एका आडव्या दांड्यावरून बाहेर काढलेले असते. जहाजाचा वेग ताशी सुमारे दोन सागरी मैल असावा लागतो आणि जाळे अर्धा तास ओढले जाते, म्हणजे साधारण एक सागरी मैल, 1,852 मीटर. मध्यरात्रीची वेळ आहे असे समजा. सहायक शास्त्रज्ञ जाळे तयार असल्याचे सांगतो, पण ते पाण्यात जाते मेटने होकार दिल्यावरच. वेग जास्त असेल तर कोणते शीड उतरवायचे हे मेट ठरवतो. जाळ्याचे तोंड पाण्यात नीट अर्धे बुडाले आहे की नाही, हे सहायक शास्त्रज्ञ पाहतो.

विसाव्या मिनिटाला रडारवर पावसाळी वाऱ्याचा लोट दिसतो. मेट सांगतो, जाळे वर घ्या. या क्षणी सहायक शास्त्रज्ञाने ‘आणखी दहाच मिनिटे’ म्हणायचे नसते, आणि चांगला सहायक तसे म्हणतही नाही. जाळे वर येते. इथपर्यंत मेटचा शब्द अखेरचा.

इथून पुढे मात्र तो चालत नाही. समजा जाळ्यात प्लास्टिकचे 37 तुकडे निघाले. अर्धा तास पूर्ण झाला असता तर एक मीटर रुंदीचा 1,852 मीटर लांब पट्टा गाळला गेला असता आणि हिशेब चौरस किलोमीटरला सुमारे 20,000 तुकड्यांवर गेला असता. प्रत्यक्षात वीसच मिनिटे झाली, पट्टा सुमारे 1,235 मीटरचा, आणि तेच 37 तुकडे चौरस किलोमीटरला जवळजवळ 30,000 होतात. आकडा दीडपट झाला. ही नोंद ठेवायची की बाद करायची, ठेवली तर तिच्यापुढे कोणता शेरा लिहायचा, लोट येण्याआधी वाऱ्याने तुकडे खाली ढकलले असतील का, हे सगळे शास्त्रज्ञाचे क्षेत्र आहे आणि त्यात कॅप्टनसुद्धा बोट घालत नाही. मात्र तो आकडा खरा ठरण्यासाठी वेग एकसारखा ठेवणारा मेटच होता, हेही विसरता येत नाही.

अशाच ओढींतून सी एज्युकेशन असोसिएशनच्या जहाजांवर 1986 ते 2008 या काळात पश्चिम उत्तर अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्रात 6,100 हून अधिक नमुने घेतले गेले, त्यांतून 64,000 हून अधिक प्लास्टिकचे तुकडे बहुतांशी विद्यार्थ्यांनी चिमट्याने वेचून मोजले, आणि 2010 साली ते निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बावीस वर्षांत कॅप्टन, मेट, शास्त्रज्ञ किती बदलले असतील! तरीही मालिका सलग राहिली, कारण नोंदवहीत काय आणि कसे लिहायचे हे जहाज चालवणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नव्हते.

कॅप्टनचा अधिकार हा काही रुबाबाचा भाग नाही. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट म्हटले आहे की जीविताच्या सुरक्षिततेसाठी आणि सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठी आवश्यक वाटणारा निर्णय घेण्यापासून कॅप्टनला जहाजमालक किंवा अन्य कोणीही रोखू शकत नाही. त्या ‘अन्य कोणीही’मध्ये मुख्य शास्त्रज्ञही आले, मग ते कितीही मोठे प्राध्यापक असोत. म्हणून कॅप्टन नमुना घेणे थांबवू शकतो, पण मुख्य शास्त्रज्ञ जहाजाला वादळात ढकलू शकत नाही. अधिकाराचा हा उतार एकाच दिशेने आहे, आणि ‘शिकवणारा वरचा’ म्हणणाऱ्यांना नेमका तोच दिसत नाही.

ही विभागणी जुनी आहे. 1872 ते 1876 या काळातील ब्रिटिशांच्या ‘चॅलेंजर’ मोहिमेत जहाज नौदलाच्या कॅप्टन नेअर्स यांच्याकडे होते आणि विज्ञान वायव्हिल थॉमसन यांच्याकडे. मोहीम अर्ध्यावर असताना नेअर्स यांना आर्क्टिक मोहिमेसाठी परत बोलावले गेले व दुसरे कॅप्टन आले; वैज्ञानिक चमू थॉमसन यांच्याच नेतृत्वाखाली पुढे गेला आणि काम खंडित झाले नाही. दोन साखळ्या वेगळ्या ठेवण्याचा फायदा यापेक्षा स्वच्छ दाखवता येणार नाही.

आपल्याकडे गोंधळ का होतो, याचे कारण मला शाळेच्या सहलीत दिसते. सहलीच्या एसटीत गुरुजी पुढच्या सीटवर बसतात, कुठे थांबायचे आणि कधी निघायचे ते सांगतात, आणि ड्रायव्हर ऐकतो. हेच चित्र मनात घेऊन माणूस जहाजाकडे पाहतो आणि मेटला ड्रायव्हर समजतो. गाडी बिघडली तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते. समुद्राला कडा नसते, म्हणून तिथे गुरुजींच्या सांगण्यावर चालत नाही.

आता वाटांविषयी. मेट व्हायचे असेल तर भारतात बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित, मग भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, नाविक शास्त्राचा अभ्यासक्रम, कॅडेट म्हणून समुद्रावरचा ठरावीक काळ आणि त्यानंतर परवान्याची परीक्षा, हा रस्ता आहे. तालुक्याच्या बसस्थानकाजवळ ‘मर्चंट नेव्हीत थेट नोकरी’ असे फलक लावणाऱ्यांनी यातला समुद्रावरचा काळ कधी सांगितलेला मी ऐकलेले नाही. शास्त्रज्ञ व्हायचे असेल तर बी.एस्सी.नंतर गोवा विद्यापीठ, कोचीनचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ किंवा अण्णामलै विद्यापीठाचे परंगीपेट्टै येथील सागरी जीवशास्त्र केंद्र अशा ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण, आणि पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी संशोधन. नागपूरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय ही तिसरीच गोष्ट आहे. ते उत्तम आहे, पण तिथली पदवी घेऊन कोणी मेट होत नाही. ‘आयएनएस तरंगिणी’ आणि ‘आयएनएस सुदर्शिनी’ ही शिडाची जहाजे नौदलाच्या प्रशिक्षणार्थींसाठी आहेत. त्यांची छायाचित्रे सागरी विज्ञानाच्या लेखांवर छापण्याची सवय कृपया सोडावी.

दोन्ही वाटा एकाच वेळी धरू पाहणाऱ्यांना मी आधी एक वाट पूर्ण करायला सांगतो, आणि माझा कल उघडपणे विज्ञानाकडे आहे, कारण तिची सुरुवात गावातच करता येते. पाणी किती नितळ आहे ते मोजण्याची काळी-पांढरी सेक्ची तबकडी दोरीला बांधून तलावात सोडावी, ती ज्या खोलीवर दिसेनाशी होते आणि वर ओढताना ज्या खोलीवर पुन्हा दिसते त्या दोन्ही खोल्या मोजून सरासरी काढावी, आणि तारीख, वेळ, ऊन, वारा यांच्यासह ती पावसाळ्याआधी व नंतर नियमाने लिहावी. डोंगा हाकणारे ढिवरकाका वारा पाहून परत फिरायला म्हणाले, तर फिरावे, आणि वहीत ‘नोंद अपूर्ण, वाऱ्यामुळे’ असे लिहावे.