ट्राम आणि ट्रॉलीबस: आधी छप्पर बघा, मग रस्ता

जुन्या मुंबईचा फोटो हातात आला, त्यात वर तार आणि खाली माणसांनी भरलेली गाडी दिसली, की आपण ‘ट्राम’ म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण १९६२च्या जूनपासून १९६४च्या मार्चपर्यंत या शहराच्या रस्त्यांवर तारेवरून वीज घेऊन धावणाऱ्या दोन निरनिराळ्या गाड्या होत्या, आणि १९६४नंतर सात वर्षं त्यातली एकच उरली होती. ती उरलेली गाडी ट्राम नव्हती, ट्रॉलीबस होती: रुळांशिवाय, रबरी टायरवर धावणारी विजेची बस. तिला ट्राम म्हटलेलं मला सहन होत नाही, कारण तिचा इतिहास आधीच इतका थोडा आहे की तोही दुसऱ्याच्या खात्यात जमा झाला तर काहीच शिल्लक राहणार नाही.

घोटाळ्याचं मूळ नावात आहे. तारेला खालून टेकणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाला एक छोटं खाचेचं चाक असायचं, त्याला ट्रॉली म्हणत. हे चाक आधी ट्रामचं, ट्रॉलीबस नंतर आली. म्हणून अमेरिकेत आजही ट्रामलाच ट्रॉली म्हणतात, आणि इंग्रजी वाचून आलेला माणूस इथल्या ट्रॉलीबसलाही ट्राम समजतो. त्यात भर म्हणजे गोवालिया टँक. तिथे ट्रामचं मोठं टर्मिनस होतं, आणि ११ जून १९६२ला मुंबईची ट्रॉलीबस सुरू झाली तीही गोवालिया टँक ते माझगाव डॉक. एकाच नाक्याच्या आठवणीत दोन्ही गाड्या असल्या की त्या एकमेकींत मिसळणारच.

फोटोत ओळखायचं कसं? छपरावरचे दांडे मोजा. एक असेल तर ट्राम, शेजारी शेजारी दोन असतील तर ट्रॉलीबस. पटलं नाही तर खाली बघा. रस्त्यात रूळ आणि गाडीला लोखंडी चाकं म्हणजे ट्राम; डांबरावर रबरी टायर म्हणजे ट्रॉलीबस. पण हा एक-दोनचा फरक कशामुळे पडतो ते कळलं, की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

विजेला यायला जशी वाट लागते तशीच परत जायलाही लागते. ट्राममध्ये ती तारेतून दांड्यात, दांड्यातून मोटरमध्ये, मोटरमधून लोखंडी चाकांत आणि तिथून रुळांत उतरते. रूळ तिला परत उपकेंद्राकडे नेतात. म्हणजे परतीची तार जमिनीतच पडलेली असते, त्यामुळे वर एकच पुरते. ट्रॉलीबसचे टायर रबरी, रबरातून वीज जात नाही, आणि खाली रूळही नाहीत. मग येणारी आणि जाणारी अशा दोन तारा वरच ताणाव्या लागतात, आणि दोन्हींना टेकायला दोन दांडे. आपण खिडकीतून बाहेर बघत बसलेले असताना डोक्यावरून एका दांड्यातून वीज आत येत असते आणि दुसऱ्यातून बाहेर जात असते, ही कल्पना मला अजूनही फार सुंदर वाटते.

आता रस्त्यावर या. ट्राम रुळाला बांधलेली. चालकाला स्टिअरिंग नसतं. एक हँडल वेगाचं, एक ब्रेकचं, पायाखाली घंटा. पुढे एखादी हातगाडी अडकली तर घंटा वाजवण्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. एक ट्राम बंद पडली की मागच्या सगळ्या उभ्या. शिवाय रूळ रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे उतारूला फुटपाथवरून निघून वाहनांमधून वाट काढत गाडी गाठावी लागे. मोटारी थोड्या होत्या तोवर हे चाललं, त्या वाढल्या तशी ट्राम सगळ्यांच्याच वाटेत येऊ लागली. ट्रॉलीबसला स्टिअरिंग आहे. ती तारांच्या दोन्ही अंगांना काही मीटर सरकते, अडथळ्याला वळसा घालते आणि इतर बसांसारखी फुटपाथला लागते. रूळ टाकण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च नाही, डिझेलचा धूर नाही.

मात्र तिचंही एक दुखणं होतं. वळणावर गाडी जास्त वेगात घेतली किंवा तारांपासून फार लांब नेली की दांडा तारेवरून निसटतो. वीज गेली, गाडी जागीच थांबली. मग मागच्या बाजूला उतरायचं, मान वर करून दांडा बरोबर तारेखाली आणायचा आणि हळूच वर सोडायचा, तेही दोन दांडे आपापल्या तारेलाच लागतील अशा बेताने. ट्रामचा दांडाही सुटायचा, पण तिथे तार एक आणि गाडी रुळावर सरळ उभी, त्यामुळे काम सोपं. आणि वळसा घालणारी ट्रॉलीबस पुढच्या ट्रॉलीबसला मात्र ओलांडू शकत नाही. तारा त्याच, एकीने दांडे खाली घेतल्याशिवाय दुसरीला वाट मिळत नाही.

शेवटच्या थांब्यावर तर दोघी अगदी वेगळ्या वागतात. ट्रामला दोन्ही टोकांना चालकाची जागा असते. चालक या टोकाकडून त्या टोकाला जातो, दांडा फिरवून उलट दिशेला लावतात, आणि मघाची मागची बाजू पुढची होते. ट्रॉलीबसला बससारखंच एक तोंड, त्यामुळे तिला गोल फिरून यावं लागतं आणि तो गोलही वर तारांनी आखावा लागतो.

मार्गांच्या इतिहासाकडे आलं की दोघींतली दरी खरी दिसते. मुंबईत ट्राम ९ मे १८७४ला आली, घोड्यांनी ओढलेली. सुरुवातीचे मार्ग दोन: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. घोडे १९०५पर्यंत टिकले, ७ मे १९०७ला विजेची ट्राम धावली, १९२०मध्ये दुमजली आली. १५ जुलै १९२६ला शहराची पहिली बस निघाली ती अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे पुन्हा कुलाब्याहून त्याच बाजाराकडे. ट्रामने बावन्न वर्षं माणसांना ज्या दिशेची सवय लावली होती, तिकडेच बस गेली. ज्या कंपनीने ती काढली तिच्या ‘बेस्ट’ या नावातला ‘ट’ तेव्हा ट्रामवेजचा होता. १९४७मध्ये ती महापालिकेकडे आली आणि ट्रान्सपोर्टचा झाला. आद्याक्षर तेच राहिलं, त्यामुळे हा बदल फारसा कुणाच्या लक्षात येत नाही.

ट्रॉलीबसच्या वाट्याला एवढं काही आलं नाही. बारा गाड्या, गोवालिया टँक ते माझगाव डॉक. सतत जादा गर्दी वाहून त्या वारंवार बिघडू लागल्या आणि २४ मार्च १९७१ला काढून घेण्यात आल्या. पुरती नऊ वर्षंही झाली नाहीत. कल्पना काही नवखी नव्हती. वेर्नर फॉन सीमेन्सने १८८२मध्येच बर्लिनजवळ अशी गाडी चालवून दाखवली होती. जगात कितीतरी शहरांत ती आजही धावते. माझ्या मते मुंबईत तिला पुरेशी संधीच मिळाली नाही. बारा गाड्यांवर कुठल्याही वाहनाचा निकाल लावू नये. आता बॅटरीवरच्या बसना ‘पहिल्या विजेच्या बस’ म्हणताना तरी तिची आठवण ठेवायला हवी. बॅटरीवरची बस वीज भरून घेऊन निघते, ट्रॉलीबस वाटेवरच घेत जायची, एवढाच फरक.

ट्राम जाताना मागे बरंच ठेवून गेली. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली, पण बरेच रूळ उखडण्याऐवजी डांबराखालीच राहिले. हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीच्या वेळी खणल्यावर ते वर आले. आणि ज्या दादरला ती शेवटची गाडी पोचली, तिथल्या चौकाला लोक आजही दादर टीटी म्हणतात: ट्राम टर्मिनस. रोज शेकडो जण टॅक्सीवाल्याला ‘टीटीला सोडा’ सांगतात, त्यातल्या बहुतेकांनी ट्राम पाहिलेलीही नसते. ट्रॉलीबसची फक्त तार होती, आणि तार उतरवली की रस्ता होता तसा दिसतो. गोवालिया टँक ते माझगाव जाताना आज ती कुठून जात असेल हे दाखवणारी एकही खूण मला सापडलेली नाही. म्हणून तरी फोटोत दोन दांडे दिसले, तर तिला तिच्याच नावाने हाक मारा.