माकडतापात गोचीड कुठे गेली?

पुरणपोळी म्हणजे पुरण भरून केलेली पोळी. यातलं 'भरून केलेली' आपण बोलताना गिळून टाकतो, तरी कुणी पुरण आणि पोळी वेगवेगळी वाढत नाही. व्याकरणात याला मध्यमपदलोपी समास म्हणतात. मधलं पद गाळलं तरी चालतं, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतं. साथीत मात्र शब्द आधी येतो आणि माहिती मागाहून.

२०१६ साली सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याचं वैद्यकीय नाव 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज'. ते नाव कुणाच्या जिभेवर बसणार? 'माकडताप' लगेच बसला, कारण हिवतापाचा साचा तयारच होता. पण हिवतापातलं हिव हे लक्षण आहे. हत्तीरोगात हत्ती फक्त सुजलेल्या पायापुरता. रोग पसरवतो डास. मग माकडतापात माकडाचं काम काय? चावतं की काय?

नाही. विषाणू माणसात येतो तो गोचिडीच्या चाव्यातून. माकड स्वतःच या तापाने मरतं, आणि मेल्यावर त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात. म्हणजे समासात गळलेलं पद नेमकं तेच, ज्याच्यापासून काजूच्या बागेत वाकणाऱ्याने पाय झाकून घ्यायचे! तरी मी 'गोचीडताप' सुचवणार नाही. गोचिडीचं पिल्लू डोळ्याला धड दिसत नाही. मेलेलं माकड दिसतं, आणि दिसलं की आरोग्य केंद्राला कळवता येतं.

टाळेबंदीचं उलटं झालं. कोकणातल्या कितीतरी घरांत हा शब्द मुंबईच्या गिरणीतून आला होता: संप कामगारांचा, टाळेबंदी मालकाची. मार्च २०२० नंतर तोच समास घराघराला लागू झाला. टाळं कुठेच नव्हतं, पण अर्थाबद्दल कुणाला शंका उरली नाही. सगळे एकाच वेळी तो जगत होते. 'विलगीकरण' मात्र सरकारी कागदावरच राहिलं. गावच्या शाळेत चौदा दिवस काढलेला चाकरमानी आजही 'क्वारंटाईन होतो' असंच सांगतो.