नवोदय विद्यालयं आली कुठून?

पाचवीतलं पोरगं गणितात चुणचुणीत निघालं की गावाकडच्या घरात ‘नवोदयला बसवा’ हा सल्ला ठरलेला. सहावी ते बारावी, निवासी, केंद्र सरकारची शाळा. खर्च जवळजवळ नाही आणि अभ्यास कडक. पण ही शाळा जन्माला आली तीच वादात.

1964 ते 66 च्या कोठारी आयोगाचं म्हणणं होतं की गरीब-श्रीमंत सगळ्यांची मुलं आपल्या परिसरातल्या एकाच सार्वजनिक शाळेत शिकावीत. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठामुळे आपल्याकडे परिचित. निवडक मुलांसाठी वेगळी शाळा या विचारात बसत नव्हती. तरी त्याच दशकात महाराष्ट्राने ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी पुसेगावसारख्या ठिकाणी शासकीय विद्यानिकेतनं काढली. साताऱ्याची सैनिक शाळा त्याआधीची, 1961 ची, पण तिचा हेतू लष्करी अधिकारी घडवण्याचा. म्हणजे निवडून घेऊन सरकारी खर्चाने शिकवणं आपल्याला नवं नव्हतं.

देशपातळीवर ते आणलं राजीव गांधींच्या सरकारने. ते स्वतः डेहराडूनच्या डून स्कूल या महागड्या निवासी शाळेचे विद्यार्थी, त्यामुळे ‘गरिबांचं डून’ असा टोमणाही ओघाने आलाच. 1985-86 मध्ये प्रयोग म्हणून दोन शाळा निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्यावर शिक्का मारला. जिल्ह्याला एक नवोदय, आणि तिने आजूबाजूच्या शाळांनाही पुढे ओढायचं, अशी कल्पना. 1990 मध्ये या धोरणाचा फेरविचार करणाऱ्या आचार्य राममूर्ती समितीने योजनेवर टीका केली. एका शाळेवर पैसा ओतायचा आणि बाकीच्यांनी काय करायचं, हा विरोधकांचा प्रश्न रास्तच होता. पण 1992 च्या सुधारित धोरणातही नवोदय टिकली. तमिळनाडूने मात्र हिंदीच्या मुद्द्यावरून तिला दारातच उभं केलं नाही.

नियम विचारपूर्वक केलेले दिसतात. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. नववीतली काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात. मराठी घरातलं चौदा वर्षांचं पोर अचानक हिंदी पट्ट्यातल्या वसतिगृहात. मला या योजनेतली सर्वांत धाडसी गोष्ट हीच वाटते.

सहावीची प्रवेश परीक्षा मात्र आता वेगळ्याच वळणावर आहे. दोन तास, ऐंशी प्रश्न, त्यांतले निम्मे मानसिक क्षमतेचे: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा. मुलाला ती एकदाच देता येते. त्यामुळे तालुक्याच्या गावीसुद्धा ‘नवोदय बॅच’ चालतात आणि घरची शिकवणी नसलेलं हुशार मूल, ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं, तेच मागे राहण्याची भीती असते. ग्रामीण जागेसाठी तिसरी ते पाचवी खेड्यातच शिकलेलं असावं लागतं. म्हणून मुलाचं नाव मुद्दाम गावच्या शाळेत घालणारेही पालक आहेत.

आज साडेसहाशेहून अधिक नवोदय आहेत. पालक मुख्यतः विचारतात तो दहावी-बारावीचा निकाल. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेला या शाळेचा काय उपयोग झाला, हे सहसा कोणी विचारत नाही.