शेतातला नांगर, पाण्यातला नांगर

पुण्याच्या पश्चिमेला एका जलाशयात पहिल्यांदा कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद, हलक्या होडीवरून मासेमारीला गेलो, तेव्हा नांगर म्हणून पाच किलोचा काळा दगड नायलॉनच्या दोरीला बांधून नेला होता. गळ टाकला आणि बुचाकडे डोळे लावून बसलो. अर्ध्या तासाने मान वर केली, तर समोरचं आंब्याचं झाड गायब! दगडासकट आम्ही पलीकडच्या काठाला निघालो होतो.

आपला सह्याद्रीचा बेसाल्ट पाण्याच्या साधारण 2.9 पट घन. आर्किमिडीजच्या नियमाने तो पाण्यात गेला की वजनाचा एक तृतीयांश हिस्सा तिथेच गमावतो. पाच किलोचे उरले तीन किलो तीनशे ग्रॅम. त्यात माझी दोरी खोलीपेक्षा जेमतेम लांब, म्हणजे जवळजवळ उभी. वाऱ्याने कयाक सरकली की ती दगडाला वर उचलू बघणार, आणि उचललेला दगड तळाला घासणार तरी किती?

दगडाऐवजी दहा किलोचं लोखंड न्यावं, असं कुणालाही वाटेल. पण उत्तर आपल्या शब्दातच आहे. शेतातला नांगर नुसत्या वजनाने जमिनीत जात नाही. बैल पुढे ओढतात म्हणून फाळ मातीत शिरतो. तोच वर ओढला तर उपटून येईल. पाण्यातल्या नांगराचंही तेच. कयाकवाले वापरतात तो चार पात्यांचा, मिटणारा नांगर दीड किलोचाही चालतो, फक्त ओढ आडवी हवी.

आडवी ओढ मिळते लांब दोरीने. पाणी 5 मीटर खोल आणि दोरी 10 मीटर असेल, तर ताणलेली दोरी तळाशी 30 अंशांचा कोन करते. 15 मीटर सोडली तर 19 अंश, 35 मीटर सोडली तर 8. मोठ्या बोटी म्हणूनच खोलीच्या सातपट दोर सोडतात. कयाकवर एवढं भेंडोळं ठेवायचं कुठे? त्यावर तोडगा म्हणजे नांगराजवळ हातभर साखळी लावायची. तिच्या वजनाने दोरीचं खालचं टोक तळालगत राहतं. वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, तेव्हा मात्र दोरी सैल सोडायला कंजुषी करू नये.

दोरी कयाकला कुठे बांधायची, हा खरा जिवाचा प्रश्न. हाताशी येते म्हणून मधोमध, कुशीला बांधाल तर फसाल. लांबलचक कूस वाऱ्यापुढे आडवी येते, दोरी तीच कड खाली खेचते आणि कयाक कलंडते. बांधायची ती पुढच्या किंवा मागच्या टोकालाच. बसल्या जागेवरून टोकापर्यंत हात पोचत नाही, म्हणून कयाकच्या बाजूने, दोन टोकांना लावलेल्या कप्प्यांवरून (पुलींवरून) दोरीचा फेरा फिरवतात. त्यातल्या कडीत नांगराची दोरी ओवायची आणि कडी ओढत टोकाला न्यायची.

वाहत्या पाण्यात हा उद्योगच नको. पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन असतं, त्यामुळे ताशी 4 किलोमीटरच्या, म्हणजे आपल्या चालीच्या प्रवाहाचा रेटा तेवढ्याच पृष्ठभागावर ताशी 110 किलोमीटरच्या वादळाइतका भरतो. खडकवासला धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की पुणेकर भिडे पुलावर फोटो काढायला जातात. कयाकवाल्याने घरीच बसावं. शांत पाण्यातही लाइफ जॅकेट अंगात, सुरी हाताशी आणि झटक्यात सुटेल अशी गाठ हवी. दोरीच्या टोकाला छोटा फुगा बांधला, तर नांगर तिथेच सोडून निघता येतं आणि नंतर परत येऊन उचलता येतो.

राहिला अडकलेला नांगर. आपल्या धरणांच्या तळाशी झाडांचे बुंधे आहेत, बांध आहेत, घरांची जोती आहेत. ज्या मुळशी धरणासाठी 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्याच्या पाण्याखाली तर भाताची खाचरंच आहेत. तिथे नांगर रुतला की वरून कितीही ओढा, पाती आणखी घट्ट बसतात. म्हणून दोरी नांगराच्या वरच्या कडीला बांधायचीच नाही. ती पाती जुळतात त्या खालच्या टोकाला बांधायची आणि दांड्यालगत वर आणून कडीला प्लॅस्टिकच्या बारीक केबल टायने अडकवायची. एरवी ओढ कडीतूनच लागते. नांगर अडकला, तर कयाक त्याच्या पलीकडे नेऊन जोराचा हिसका द्यायचा. टाय तुटतो, ओढ खालच्या टोकाला लागते आणि पाती आल्या वाटेने मागे निघतात.